मैत्रिणीला ब्रेस्ट कॅन्सर झालाय आणि मी रात्रभर नेटवर आकडे वाचत बसते

पत्र (थोडं कापून):

"ताई, मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण ब्लॅक आहे, शिकागोच्या साउथ साइडला वाढली, अजून तिथेच राहते, वय ४३. फेब्रुवारीत तिच्या हाताला छातीत गाठ लागली. डॉक्टर म्हणाले या वयात होतात अशा गाठी, सहा महिन्यांनी बघू. जूनमध्ये गाठ वाढल्यासारखी वाटली म्हणून तिने हट्ट धरला, मग सोनोग्राफी, बायोप्सी, आणि रिपोर्ट आला ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर. पुढच्या गुरुवारी ऑन्कोलॉजिस्टची पहिली अपॉइंटमेंट आहे, मी सोबत येऊ का विचारलं तर हो म्हणाली. तेव्हापासून मी रात्री नेटवर वाचत बसते. ब्लॅक बायका या कॅन्सरने ४०% जास्त मरतात असं सगळीकडे लिहिलंय. हे जीन्समुळे असतं का? तिला हे सांगू का? सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात, त्या म्हणाल्या त्या लोकांचं खाणंपिणंच तसं. मी गप्प बसले पण ते डोक्यातून जात नाहीये. मी तिच्यासाठी नक्की काय करू?"

अगं, आधी त्या ४०% बद्दल बोलू. आकडा खरा आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२४ च्या रिपोर्टात तो ३८% आहे, त्याआधीच्यात ४० होता. ब्लॅक बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा ५% नी कमी, आणि त्याने मरण्याचं प्रमाण ३८% नी जास्त, आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांत तर जवळजवळ दुप्पट. वाचून पोटात गोळा येतो, मला माहितीये. पण हा सगळ्या देशाचा मिळून आकडा आहे, त्यात जिला वेळेवर मॅमोग्रामच मिळाला नाही तीही आली, जिची कीमो अर्ध्यात सुटली तीही आली, जिच्याकडे इन्शुरन्स नव्हता तीही आली. तुझ्या मैत्रिणीचं काय होणार हे तिची गाठ केवढी आहे, काखेत गेलीय का, औषधाला कशी दाद देते आणि उपचार ठरल्या वेळेला ठरल्याप्रमाणे होतात का यावर ठरणार, आणि यातली शेवटची गोष्ट अशी आहे की जिथे तुझ्यासारखीचा हात पोचतो.

जीन्सचं विचारलंस. थोडा भाग शरीराचा आहेच. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत तो प्रकार, ब्लॅक बायकांत साधारण दुप्पट दिसतो, त्यांच्या शंभर केसेसमध्ये एकोणीस-वीस, गोऱ्या बायकांत नऊ-दहा. पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे घानासारख्या देशात, हा प्रकार जास्त आढळतो आणि पूर्वेला इथिओपियात बराच कमी, आणि अमेरिकेतल्या बहुतेक ब्लॅक लोकांचे पूर्वज गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावरून आणलेले, म्हणून डॉ. लिसा न्यूमन यांच्यासारख्या सर्जन हा धागा बरीच वर्षं तपासतायत. हे सगळं खरं. पण आता हे बघ, १९८० च्या आसपासपर्यंत अमेरिकेत दोघींचं ब्रेस्ट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. सारखं! मग मॅमोग्राम सगळीकडे सुरू झाले, टॅमॉक्सिफेन आलं, कीमो सुधारली, आणि १९८९ पासून २०२२ पर्यंत देशातलं एकूण मृत्यूचं प्रमाण ४४% नी उतरलं. गोऱ्या बायकांचं आधी आणि वेगाने उतरलं, ब्लॅक बायकांचं उशिरा आणि हळू, आणि मधली दरी तिथून पडत गेली. चाळीस वर्षांत कुणाची जीन्स बदलत नाहीत गं. उपचार आले आणि ते एकीपर्यंत पोचले, दुसरीपर्यंत उशिरा पोचले नाहीतर अर्धवट पोचले.

अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात जास्त लागते. २०२४ मध्ये अठरा अभ्यास एकत्र करून दोन लाखांवर बायकांची माहिती तपासली गेली, तर ब्लॅक बायकांचा मृत्यूचा धोका प्रत्येक प्रकारात जास्त निघाला, पण ट्रिपल निगेटिव्हमध्ये तो १७% नी जास्त होता आणि हार्मोनवर वाढणारा जो सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात चांगला बरा होणारा प्रकार आहे त्यात ५०% नी जास्त. म्हणजे जिथे औषध उत्तम आहे तिथेच दरी मोठी. मी बरीच वर्षं कीमो वॉर्डात नर्स होते, मला याचं फार नवल नाही वाटलं. हार्मोनच्या प्रकारात पाच-पाच, दहा-दहा वर्षं रोज गोळी घ्यायची असते, गोळीने सांधे धरतात, रात्री घाम फुटतो, दर महिन्याला कोपे, म्हणजे इन्शुरन्स सोडून आपला वाटा, भरायचा, फॉलोअपला सुट्टी काढायची, आणि या इतक्या लांब रस्त्यावर कुठे ना कुठे बाई सुटते आणि ती सुटली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की काही ट्रायल्समध्ये, म्हणजे औषधांच्या चाचण्यांत, दोघींना एकच औषध, एकाच पद्धतीने देऊनसुद्धा थोडा फरक उरलाय, त्याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. पण जो भाग सुटून जाण्यामुळे पडतो तो मोठा आहे आणि तो भरून काढता येतो, हे करून दाखवलेलं आहे.

कुठे करून दाखवलं ते सांगते कारण तुला गुरुवारी त्याचाच उपयोग आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरोल्ड फ्रीमन म्हणून ब्लॅक सर्जन होते. त्यांच्या हॉस्पिटलात १९६४ ते १९८६ या काळात आलेल्या ६०६ बायकांचा हिशोब त्यांनी मांडला, त्यात जवळपास निम्म्या तिसऱ्या-चौथ्या स्टेजला आलेल्या, पहिल्या स्टेजला फक्त ६%, आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्या ३९%. बहुतेक सगळ्या गरीब ब्लॅक बायका, निम्म्यांकडे इन्शुरन्स नाही. त्यांनी फुकट आणि स्वस्त तपासणीही सुरू केली, आणि १९९० मध्ये एक साधी गोष्ट केली, प्रत्येक संशयित रिपोर्टच्या बाईमागे एक माणूस लावला. डॉक्टर नाही, नर्सही असलीच पाहिजे असं नाही, त्याच वस्तीतली बाई. तिचं काम एवढंच की मॅमोग्राममध्ये काही दिसलं तर बायोप्सी होईपर्यंत आणि बायोप्सीनंतर उपचार सुरू होईपर्यंत या पेशंटला सोडायचं नाही. फॉर्म भरून दे, मुलं कोण सांभाळणार ते बघ, बस चुकली तर नवीन तारीख घे, भीती वाटत असेल तर शेजारी बस. त्यालाच पुढे पेशंट नॅव्हिगेटर म्हणायला लागले आणि आज अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर सेंटर्सना ते पद असतं. १९९५ ते २००० मध्ये त्याच हॉस्पिटलात परत हिशोब केला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येणाऱ्या २१% वर आल्या होत्या, अगदी सुरुवातीला सापडलेल्या ४१% वर गेल्या होत्या आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्या ७०%. मधल्या काळात औषधंही सुधारली होती, ते धरलंच पाहिजे, पण स्टेज काही औषधाने बदलत नाही, ती लवकर पोचल्यामुळे बदलते.

दुसरं उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो आणि पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गमधलं. तिथे ब्रेस्ट आणि लंग कॅन्सरच्या लवकर सापडलेल्या पेशंट्ससाठी कॉम्प्युटरवर सोय केली की कुणाची अपॉइंटमेंट चुकली किंवा ठरलेल्या दिवसात पुढचा टप्पा झाला नाही की लगेच इशारा यायचा आणि खास नेमलेली नर्स फोन करायची. सोबत डॉक्टरांना त्यांच्याच पेशंट्सचे आकडे, ब्लॅक किती पूर्ण झाले, गोरे किती पूर्ण झाले, असे वेगळे करून दाखवायचे. आधी उपचार पूर्ण होणारे ब्लॅक पेशंट ८०% च्या आसपास आणि गोरे ८७%. नंतर ब्लॅक ८८% आणि गोरे ८९-९०%. दरी जवळपास मिटली आणि गोऱ्यांचंही भलंच झालं.

आणि तुमचं शिकागो. २००३ साली शिकागोत ब्लॅक बायकांचा ब्रेस्ट कॅन्सरने मरण्याचा दर गोऱ्या बायकांपेक्षा ६८% नी जास्त होता, आणि त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये फरक कितीतरी कमी. एकाच देशात दोन शहरं, तीच माणसं, मग शरीराचा दोष कसा म्हणणार? डॉ. स्टीव्ह व्हिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे बाहेर काढल्यावर शहरात खास टास्क फोर्स उभा राहिला आणि त्यांनी जाऊन बघितलं तेव्हा कारणं अगदी कंटाळवाणी निघाली, साउथ आणि वेस्ट साइडला चांगली मॅमोग्राम सेंटर्स कमी, फिल्म वाचणारे ब्रेस्टचे स्पेशालिस्ट नसायचे, संशयास्पद रिपोर्ट आल्यावर बाईला परत बोलवायचंच राहून जायचं. ही वस्त्यांची वाटणी आजची नाही, १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्यांभोवती लाल रंग भरून तिथे घराची कर्जं अडवली होती, त्यातून पुढे बँक, शाळा, दवाखाना सगळंच त्या भागात मागे राहिलं. टास्क फोर्सच्या कामानंतर शिकागोतली दरी कमी झाली. तीच संस्था आता इक्वल होप नावाने काम करते, तिचं नाव लिहून ठेव, तुझ्या मैत्रिणीच्या बहिणींना, आईलाही उपयोग होईल.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. वजन, डायबिटीस यांचा कॅन्सरवर परिणाम होतो हे खरंय, ते आपल्यातही होतं. पण या मुलीने गाठ लागल्या लागल्या डॉक्टर गाठला होता. तिने काय कमी केलं? तिला सहा महिने थांब म्हणून परत पाठवलं. हाताला लागणारी गाठ असेल तर चाळिशीच्या बाईला तेव्हाच डायग्नोस्टिक मॅमोग्राम आणि सोनोग्राफी लिहून द्यायला हवी होती, हे अमेरिकेत काय, आपल्या तालुक्याच्या गावातला चांगला डॉक्टरही करतो. सासूबाईंना एवढंच सांग की आई, ती वेळेवर गेली होती, तिचं ऐकून घेतलं नाही. आपल्या आया-मावश्यांना "काही नाही, वयाचं आहे" म्हणून परत पाठवल्याच्या गोष्टी त्यांनी स्वतः ढिगाने बघितल्या असतील, त्यांना समजेल. आणि महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये कुणी "ते लोक असेच" म्हणायला लागलं तर तिथेही हेच सांग, आपल्यात हे बोलणं फार सहज चालतं आणि कुणी थांबवत नाही.

तिला आकडे सांगू का म्हणतेस. स्वतःहून नको. तिला ते माहीत असणार, ब्लॅक बायकांना हे माहीत असतं, त्यांच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं असतं. तिने विषय काढला तर ऐक, आणि तिला वाटत असेल की डॉक्टर माझं मनावर घेत नाहीत तर "अगं तसं नसेल" म्हणून समजूत घालू नकोस. तसं असतं, तिच्या बाबतीत नुकतंच झालंय.

गुरुवारचं बोलू. वही घेऊन जा, तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग कर, कारण कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पेशंटला पुढचं काही ऐकू येत नाही. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींच्या जागा त्या पेशींवर नाहीत, म्हणून हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूची औषधं इथे चालत नाहीत, कीमो चालते आणि बऱ्याचदा खूप चांगली चालते. स्टेज दोन-तीन असेल तर हल्ली सर्जरीच्या आधी कीमो देतात आणि त्यासोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, ज्याला एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याने, जुलै २०२१ मध्ये या कामासाठी मान्यता दिली. ते तिला लागू आहे का, नसेल तर का नाही, हे स्पष्ट विचारायचं. जेनेटिक टेस्ट पाठवलीय का हे विचारायचं, ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या प्रत्येक बाईला ती द्यावी असं गाइडलाइन सांगते पण ब्लॅक बायकांना ती कमी वेळा सुचवली जाते, आणि बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष निघाला तर सर्जरीचा निर्णय, पुढचं औषध आणि तिच्या बहिणींची तपासणी सगळंच बदलतं. एखादी ट्रायल चालू आहे का हेही विचारा, ब्लॅक बायकांना ट्रायलबद्दल कुणी विचारतच नाही ही जुनी रड आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या कीमोची तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. "ऑफिसमधून फोन येईल" हे उत्तर चालणार नाही, कोणाचा फोन, कधीपर्यंत, नाही आला तर कुठल्या नंबरवर करायचा, हे लिहून घ्या. तिथे नॅव्हिगेटर आहे का विचारा, असेल तर तिचं नाव आणि डायरेक्ट नंबर.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते म्हणून जरा सविस्तर सांगते. आफ्रिकन वंशाच्या पुष्कळ लोकांच्या रक्तात डफी-नल म्हणून एक प्रकार असतो, व्हायव्हॅक्स मलेरियापासून त्याने त्यांना संरक्षण मिळतं, पण त्यामुळे रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशींचा काउंट जन्मापासूनच थोडा कमी दिसतो. ती माणसं ठणठणीत असतात, त्यांना इन्फेक्शन जास्त होतं असंही नाही. पण बऱ्याच ठिकाणी काउंट १५०० च्या खाली गेला की कीमो पुढे ढकलतात, आणि जिचा नेहमीचाच काउंट तेराशे-चौदाशे आहे तिची कीमो मग उगाच पुन्हा पुन्हा पुढे जाते नाहीतर डोस कमी करतात. म्हणून तिचे जुने, कॅन्सरच्या आधीचे ब्लड रिपोर्ट काढून ठेवा आणि काउंट आधीपासूनच कमी असेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डफी टेस्ट करायची का विचारा.

पुढे रेडिएशन लागलं तर अजून एक. त्वचा भाजली की लाल होते असं सगळ्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, पण सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, ती जागा गडद होते, जांभळट दिसते, ताणल्यासारखी लागते, खाजते. वॉर्डात मी बघितलंय, गोऱ्या पेशंटची त्वचा लाल दिसली की लगेच मलम मिळायचं आणि काळ्या बाईला "ठीक दिसतंय" म्हणून घरी पाठवायचे आणि पुढच्या आठवड्यात ती साल निघालेली घेऊन यायची. तेव्हा तिला म्हणावं रोज एक फोटो काढून ठेव आणि दुखतंय, जळतंय हे तोंडाने सांग, दिसायची वाट बघू नकोस. हे आपल्यालाही लागू आहे बरं का, आपला रंगही त्या पुस्तकातला नाही.

तू तिची ऑफिसातली मैत्रीण आहेस याचा मोठा फायदा आहे. एचआरकडून एफएमएलएचे, म्हणजे आजारपणाच्या सुट्टीच्या कायद्याचे कागद आजच मागवायला सांग. वर्षभर नोकरी आणि १२५० तास झाले असतील, आणि कंपनीत पन्नास किंवा जास्त लोक असतील, तर बारा आठवडे बिनपगारी सुट्टी कायद्याने मिळते आणि ती सुटी सुटी, म्हणजे कीमोच्या दिवसापुरती, आजारपणाच्या दोन दिवसांपुरतीही घेता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते सगळी एकदम काढून मोकळे होतात. शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी, म्हणजे आजारपणात पगाराचा काही भाग देणारा इन्शुरन्स, आहे का ते बघा. तिच्या मीटिंग्ज तू घे, पण तिने सांगितल्याशिवाय ऑफिसात कुणाला आजार सांगू नकोस. कीमोला नेण्या-आणण्याचं वेळापत्रक करा, तिच्या चर्चच्या बायका असतील तर त्यांच्याशी बोल, त्यांचं जाळं आपल्या मंडळापेक्षा घट्ट असतं, आणि एखाद्या दिवशी कुणीच नसेल तर कॅन्सर सोसायटीची गाडीची सोय आहे, रोड टू रिकव्हरी म्हणून, आधी बुक करावी लागते. डबा द्यायचाच असेल तर विचारून दे, कीमोत फोडणीचा वास सहन होत नाही, मऊ भात आणि साधं वरण चालतंय का बघ. आणि केस जाणार असतील तर डॉक्टरांकडून विगचं प्रिस्क्रिप्शन घ्या, त्यावर क्रेनियल प्रोस्थेसिस असं लिहिलेलं असलं की काही इन्शुरन्स पैसे देतात.

तू स्वतः चाळिशीला आली असशील तर तुझाही मॅमोग्राम बुक कर, २०२४ पासून सरकारी शिफारसच चाळीसपासून दर दोन वर्षांनी अशी आहे, आधी पन्नास होती.

आणि सेकंड ओपिनियन. ऑन्कोलॉजिस्ट चांगला वाटला तरी घ्या, ट्रिपल निगेटिव्हच्या केसेस रोज बघणाऱ्या मोठ्या सेंटरमध्ये घ्या, शिकागोत अशी सेंटर्स आहेत, फक्त त्यासाठी उपचार आठवड्यापेक्षा जास्त लांबू देऊ नका. डॉक्टरांना राग येईल म्हणून ती घाबरत असेल तर तू बोल, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. त्यासाठी बायोप्सीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, स्लाइड्स आणि मॅमोग्रामची सीडी लागते, हे सगळं रेकॉर्ड्स ऑफिसमध्ये सही करून मागावं लागतं आणि यायला काही दिवस जातात, म्हणून गुरुवारची वाट न बघता उद्या सकाळीच तिला फोन करून अर्ज टाकायला सांग.